इयत्तेचे निकष हाताशी ठेवा, डोक्यावर नको

अमेरिकेत मुलाला घरीच शिकवायला (होमस्कूलिंग) सुरुवात करताय आणि इयत्तेचे निकष, म्हणजे त्या-त्या इयत्तेच्या शेवटी काय यायला हवं याच्या याद्या, कशा वापरायच्या हे कळत नाहीये? घाबरून जाऊ नका, सुरुवातीला सगळ्यांचाच गोंधळ उडतो. आधी तुमच्या राज्याचा होमस्कूलिंगचा कायदा वाचा, निकष त्यानंतर. निकष सरकारी शाळांसाठी असतात. तुमच्यावर काय बंधनकारक आहे ते कायद्यातच कळतं. शिवाय ते सगळीकडे सारखे नाहीत. कॉमन कोअर, म्हणजे अनेक राज्यांनी स्वीकारलेले भाषा आणि गणिताचे सामायिक निकष, २०१० मध्ये आलं, पण टेक्सासचे निकष वेगळे आहेत.

नवखे पालक हमखास करतात ती चूक म्हणजे यादी छापून रोज टिक करत बसणं. मीही पहिलं वर्ष त्यातच घालवलं. वर्षअखेरीला मुलाला काय यायला हवं, एवढंच निकष सांगतात. कॉमन कोअरनुसार तिसरीच्या शेवटी एक अंकी संख्यांचे गुणाकार तोंडपाठ हवेत. माझी लेक सातच्या पाढ्याला अडली, तेव्हा आम्ही जमिनीवर सात-सात बटणांच्या ओळी मांडल्या. ते कुठल्याच यादीत नव्हतं.

सध्या एवढंच करा:
- फक्त भाषा आणि गणित बघा.
- मागच्या इयत्तेचे निकषही चाळा, कच्चे दुवे तिथेच सापडतात.
- मूल गणितात चौथीला आणि लेखनात दुसरीला असेल, तर असू द्या.

विज्ञान, चाचण्या, नोंदवह्या हे सगळं दोन-तीन महिन्यांनी बघू. तुम्हाला नक्की जमेल.