वाचकांचे प्रश्न : परदेशी विमानतळावर काढायची रात्र

मुंबईहून निघायचे, मध्ये कुठेतरी रात्र काढायची आणि सकाळी पुढचे विमान पकडायचे. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी याच प्रवासाविषयी आहेत. निवडक पत्रांना इथे उत्तरे दिली आहेत.

आम्ही दोघे, यजमान ६८ आणि मी ६४, मुलाकडे शिकागोला निघालो आहोत. दोह्याला रात्री साडेदहाला पोचतो, तिथून सकाळी आठचे विमान. तिकीट एकच आहे. दोह्यात व्हिसा लागेल का, बॅगा काढाव्या लागतील का, झोपायचे कुठे? यजमानांना इन्सुलिन चालू आहे.
— एक भगिनी, जुळे सोलापूर

दोन्ही विमाने एकाच पीएनआरवर असतील तर मुंबईत दिलेल्या बॅगा सहसा थेट शिकागोलाच मिळतात. तरी 'सहसा' या शब्दावर विसंबू नका. काउंटरवर बॅगेच्या मुठीला लांब कागदी पट्टी गुंडाळतात, ती वाचा. शेवटचे ठिकाण तिच्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेले असते. शिकागोसाठी 'ओआरडी' ही अक्षरे येतात, कारण त्या विमानतळाचे जुने नाव ऑर्चर्ड फील्ड होते. दोह्याची 'डीओएच' ही अक्षरे लहान टाइपात असतात. मोठ्या अक्षरांत 'डीओएच' दिसले तर बॅग पट्ट्यावरून पुढे सरकण्याआधीच बोला. बॅग आत गेली की ती परत काढायला तास जातो. पावतीचे चिकट तुकडे पासपोर्टच्या मागे लावून घ्या आणि दोन्ही विमानांचे बोर्डिंग पास तिथेच मागा.

विमानतळाबाहेर पडायचे नसेल तर भारतीय पासपोर्टला दोह्यात व्हिसा लागत नाही. विमानातून उतरल्यावर 'अरायव्हल्स'चा बाण सोडून 'ट्रान्स्फर्स'चा धरा. पुढे पुन्हा सुरक्षा तपासणी होते, तेव्हा विमानात मिळालेली पाण्याची बाटली आधीच संपवा. रिकामी बाटली नेता येते, आत ती भरून घ्यायची.

दोह्याचा हमद विमानतळ २०१४ साली सुरू झाला. सगळे एकाच टर्मिनलमध्ये असल्याने बस-बिस बदलावी लागत नाही. मधल्या दालनात दिव्याखाली बसलेले सात मीटर उंच पिवळे अस्वल आहे. चुकामूक झाली तर भेटायची जागा म्हणून ते आधीच ठरवून ठेवा. झोपण्यासाठी 'क्वाएट रूम' या पाट्या शोधा. तिथे मागे कलणाऱ्या खुर्च्या असतात आणि पैसे लागत नाहीत. मात्र पुरुषांच्या आणि बायकांच्या खोल्या वेगळ्या असतात. म्हणून इन्सुलिन, पासपोर्ट आणि बोर्डिंग पास ज्याचे त्याच्याकडेच हवेत. एकाच पर्समध्ये सगळे ठेवायची सवय इथे अंगाशी येते. आखाती विमानतळांवर खरी गर्दी मध्यरात्रीनंतर होते, तेव्हा उतरल्या-उतरल्या आधी खुर्ची धरा. चहा आणि दुकाने सकाळीही असतात.

तुमचे वय आणि साडेनऊ तासांचा थांबा पाहता आमचा कौल खोलीकडेच आहे. इमिग्रेशन ओलांडावे लागू नये असे ओरिक्स एअरपोर्ट हॉटेल तिथे आतच आहे. बुकिंग घरूनच करा, ऐनवेळी खोली मिळेल असे धरून चालू नका.

चालण्याचा त्रास असेल तर व्हीलचेअर किमान ४८ तास आधी एअरलाइनला कळवून तिकिटावर नोंदवून घ्या. रात्रीच्या थांब्यात होते असे की मदतनीस तुम्हाला एका ठरावीक जागी बसवून जातो आणि पुढच्या विमानाच्या वेळी परत येतो. तिथून तुम्ही उठून गेलात तर त्याला सापडत नाही. कुठे जायचे असेल तर तिथल्या टेबलावर सांगून जा, आणि कितीला परत यायचे हे कागदावर लिहून घ्या.

इन्सुलिन कधीही मोठ्या बॅगेत टाकू नका. बॅगांच्या कप्प्यात ते गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी वापरायचे नसते. हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, सुया मूळ वेष्टनात ठेवून न्या. डोस पुढे-मागे कसा करायचा हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून तासांच्या हिशेबात लिहून घ्या.

अमेरिकेच्या विमानासाठी गेटवर कागदपत्रांची आणि सामानाची वेगळी तपासणी होते, म्हणून सुटण्याच्या दीड तास आधी तिथे हजर राहा. अमेरिकेत पहिल्याच विमानतळावर बॅगा काढून कस्टममधून न्याव्या लागतात. तिथून पुढे देशांतर्गत विमान असेल तर त्याच बॅगा पुन्हा जमा करायच्या.

मुंबई-दुबई एका एअरलाइनचे आणि दुबई-लंडन दुसऱ्या एअरलाइनचे अशी दोन वेगळी तिकिटे काढली तर बरेच स्वस्त पडते. मध्ये अकरा तास आहेत. चालेल का?
— एक वाचक, अशोक चौक

न केलेले बरे. वेगळ्या तिकिटांवर पहिली एअरलाइन तुम्हाला दुबईपर्यंतच ओळखते. बॅग दुबईत पट्ट्यावर येते. ती घ्यायची तर इमिग्रेशन ओलांडायचे, म्हणजे यूएईचा व्हिसा हवा. तो नसेल तर मुंबईच्या काउंटरवरच अडवतात. तिथल्या एअरलाइनमार्फत ट्रान्झिट व्हिसा मिळतो. ४८ तासांचा मोफत असतो, ९६ तासांचा ५० दिरहमला, पण तो प्रवासाआधी काढावा लागतो. त्यात पहिले विमान उशिरा पोचले आणि दुसरे सुटले, तर दुसरी एअरलाइन तुम्हाला 'आलाच नाहीत' म्हणते आणि तिकिटाचे पैसे बुडतात. एका पीएनआरवर हीच वेळ आली तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी एअरलाइनची असते. स्वस्ताईचा हिशेब करताना ही बाजूही धरा.

तरीही काढणार असाल तर फक्त हातातले सामान न्या आणि दोन्ही विमाने कोणत्या टर्मिनलची आहेत ते पाहा. दुबईत टर्मिनल २ आणि टर्मिनल ३ पायी जोडलेली नाहीत, मध्ये बस आहे. लंडनच्या विमानतळाबाहेर न पडता पुढे कुठे जाणार असाल तर ब्रिटनचा वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागतो का तेही बघा. भारतीय पासपोर्टला तो बऱ्याचदा लागतो.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे घरचे रात्रभर जागतात. यूएईमध्ये व्हॉट्सॲपचे कॉल लागत नाहीत, विमानतळाच्या वायफायवरही नाही. 'पोचल्यावर लिहून पाठवतो' असे घरी आधीच सांगून ठेवा. लेखी आणि आवाजी निरोप जातात.

दिवाळीचा फराळ, शेंगा चटणी आणि कडक भाकरी नेणार आहोत. थांबा दुबईत आहे, पुढे न्यूयॉर्क. काही अडेल का?
— एक वाचक, होटगी रोड

अडेल, आणि अडेल ते अनारशावर. अनारशाला लावतो ती खसखस यूएईत बंदी असलेल्या पदार्थांत मोडते, आणि खसखस नेल्याने तिथे लोक पकडले गेले आहेत. मुक्काम फक्त विमानतळाच्या आत असला तरी कायदा त्या देशाचाच लागतो. अनारसे घरीच ठेवा, मसाल्याच्या डब्यातली खसखस तपासा, आणि विड्याची पानेही नेऊ नका.

शेंगा चटणी मोठ्या बॅगेत टाका. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या सामानात ३५० मिलिलिटरहून जास्त पूड असली की वेगळी तपासणी होते, आणि खात्री पटली नाही तर ती काढून ठेवतात. शेंगा चटणी ही पूडच, वर तिखटाची. तिला तेल सुटते, म्हणून आधी प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, वरून घट्ट झाकणाचा डबा. ओला ठेचा, लोणचे आणि तूप यांना द्रवाचा नियम लागतो: १०० मिलिलिटरपर्यंतच्या डब्या, त्या सगळ्या मिळून एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत. अर्धी भरलेली २०० मिलिलिटरची बरणीही चालत नाही, कारण तिथे बरणीचे माप बघतात.

कडक भाकरी मात्र या प्रवासाची राणी आहे. ती विटत नाही, सांडत नाही आणि तपासणीत कुणाला खुपत नाही. मोठ्या बॅगेत तिचा चुरा होतो, म्हणून हातातल्या सामानात स्टीलच्या चपट्या डब्यात कागदाच्या घड्या घालून ठेवा. अमेरिकेत उतरल्यावर 'खाद्यपदार्थ आहेत का' या प्रश्नाला सरळ 'हो' म्हणा. दंड होतो तो लपवल्याबद्दल.

विमानतळावर फार गारठा असतो म्हणतात. सोलापुरी चादर हातातल्या सामानात न्यावी का?
— एक वाचक, विजापूर रोड

भेट म्हणून न्यायची असेल तर मोठ्या बॅगेत घाला. पांघरायला ती जड पडते, आणि हातातल्या सामानाची मर्यादा बऱ्याच एअरलाइन्सवर ७ किलोच असते. गारठा खरा आहे, पण त्यावर शाल, पायमोजे आणि कानटोपी पुरते. चादरीऐवजी आपलाच टर्किश टॉवेल न्या. घट्ट गुंडाळून दोन रबर लावले की मानेखाली उशी होते आणि सकाळी तोंड पुसायलाही तोच कामी येतो. खुर्ची निवडताना मध्ये हात नसलेली बघा, हात असतील तर आडवे होता येत नाही. बॅगेचा पट्टा पायाला किंवा मनगटाला अडकवूनच डोळे मिटा.

मेलबर्नला शिकायला चाललो आहे. सिंगापूरला संध्याकाळी सहा ते सकाळी साडेसात असा थांबा आहे. बाहेर जाता येईल का? पॉवर बँक २०,००० एमएएचची आहे.
— एक विद्यार्थी, सात रस्ता

जाता येईल. ऑस्ट्रेलियासह काही ठरावीक देशांचा वैध व्हिसा आणि पुढचे तिकीट असेल तर भारतीयांना सिंगापुरात ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय ट्रान्झिट मिळते. शेवटचा शब्द तिथल्या अधिकाऱ्याचा. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरा. ते फुकट असते, पैसे मागणाऱ्या वेबसाइटवर जाऊ नका. शहरातली मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते, त्याआधी परत फिरा. २०१९ साली उघडलेली 'ज्यूएल' ही इमारत आणि तिच्यातला ४० मीटरचा धबधबा इमिग्रेशनच्या बाहेरच्या बाजूला आहे. तो बघायचा तर आत झोपायला परतताना पुढचा बोर्डिंग पास हातात हवा. आत टर्मिनलमध्ये मोफत झोपायच्या खुर्च्या आहेत.

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर बहुतेक टर्मिनलमध्ये सुरक्षा तपासणी गेटच्या तोंडाशीच होते. म्हणजे भरलेली बाटली अगदी शेवटच्या क्षणी जाते. बऱ्याच गेटांच्या आत स्वच्छतागृहही नसते, आधीच जाऊन या. विमानतळावर भोंग्यावरून पुकारा होईल या भरवशावर झोपू नका. गेट बंद व्हायच्या दीड तास आधीचा गजर लावा, आणि तोही सिंगापूरच्या वेळेने. ती आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. फोन विमान मोडवर राहिला तर घड्याळ आपोआप बदलेलच असे नाही.

पॉवर बँक फक्त हातातल्या सामानात. मर्यादा १०० वॅट-अवरची आहे. एमएएचला ३.७ ने गुणून हजाराने भागा: तुझी ७४ भरते, म्हणजे चालेल. विमानात मात्र ती वापरायला काही एअरलाइन्सनी बंदी केली आहे, म्हणून फोन विमानतळावरच चार्ज कर. सिंगापूर, दुबई, दोहा या तिन्ही ठिकाणी तीन चौकोनी पिनांचे सॉकेट असते, तसा अडॅप्टर घे. तंबाखूची पुडी घरी ठेव. सिंगापुरात चघळायच्या तंबाखूवर बंदी आहे. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार सुरू करून घे, ते बहुधा बंदच असतात.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने पहाटे मुंबईत पोचतो, विमान रात्रीचे आहे. दिवस कुठे काढावा?
— एक वाचक, नवी पेठ

एवढ्या लवकर टर्मिनलवर जाऊन उपयोग नाही, बॅगा घेणारे काउंटर साधारण तीन-चार तास आधी उघडतात. सामान घेऊन ताटकळण्यापेक्षा सकाळी सहाच्या सुमारास सोलापुरातून सुटणारी वंदे भारत घ्या. ती दुपारी सीएसएमटीला पोचते आणि रात्रीच्या विमानाला भरपूर वेळ उरतो. सीएसएमटीहून मेट्रो ३ थेट टर्मिनल २ ला जाते. दोन मोठ्या बॅगा असतील तर दादरला उतरून टॅक्सी करा. टॅक्सीवाल्याला 'एअरपोर्ट' एवढेच सांगू नका, 'टी-२, सहार' असे सांगा. टी-१ निराळीकडे आहे.