इनडिझाइनमध्ये दिवाळी अंकाची करेक्शनं घालताना प्रोग्रॅम सारखा बंद पडतो, काय करू?

१४४ पानं लावून झालीत, प्रुफातल्या दुरुस्त्या घालताना इनडिझाइन (पानं लावायचा प्रोग्रॅम) एकदम गायब होतं, आणि दोनदा अनइन्स्टॉल करून परत टाकूनही फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय. तिसऱ्यांदा टाकू नका. सॉफ्टवेअर काढलं तरी प्रेफरन्सच्या, म्हणजे तुमच्या सेटिंग्जच्या, फाइली बऱ्याचदा जागच्या जागीच राहतात. बिघाड त्यांत असेल तर तो नव्या इन्स्टॉलेशनला आयताच मिळतो.

आधी मूळ फाइलची कॉपी करून बाजूला ठेवा. पेनड्राइव्हवरून काम करत असाल तर ते आजच बंद करा; इनडिझाइन चालू फाइलीत सतत वाचत-लिहीत असतं, हार्डडिस्कवर आणूनच उघडा.

मग एक कोरी फाइल उघडून थोडं टाइप करा. तीही बंद पडली तर दोष अंकाचा नाही. इनडिझाइन सुरू करताक्षणी कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट तिन्ही एकदम दाबून धरा. प्रेफरन्स काढू का असं विचारेल, हो म्हणा. (क्षणभर उशीर झाला तर विचारतच नाही, मग पुन्हा पहिल्यापासून.) प्रेफरन्समध्ये ‘जीपीयू परफॉर्मन्स’ (ग्राफिक्स कार्डाची मदत घेण्याची सोय) समोर टिक असेल तर तीही काढून टाकून बघा.

कोरी फाइल नीट चालली, तर मला पहिला संशय फॉन्टचा. माझ्याकडे एका स्मरणिकेचं काम होतं, फॉन्ट गिऱ्हाइकानंच कुठून तरी आणून दिलेला. दोन रात्री गेल्या. शेवटी शेजारी बसलेल्या पोराच्या लक्षात आलं: ‘वारा’ चालतं, ‘वाऱ्यावर’ लिहिलं की संपलं. ‘दुसऱ्या’, ‘पुढाऱ्यांनी’, सगळीकडे तेच. त्या फॉन्टमधला ऱ्य जुळवण्याचा नियमच बिघडलेला होता. मजकूर युनिकोडमध्येच (म्हणजे फॉन्ट बदलला तरी अक्षरं तीच राहतात अशा पद्धतीत) असल्यामुळे फॉन्ट बदलला आणि काम झालं. तुम्हीही कॉपीवर तेच करून बघा, सगळा मजकूर दुसऱ्या युनिकोड फॉन्टमध्ये टाका. किंवा पॅराग्राफच्या मेनूत ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझरऐवजी (जोडाक्षरं जुळवून ओळी लावणारा तो) साधा कंपोझर निवडा. जोडाक्षरं तुटतील, तुटू देत. तेवढ्यानं बंद पडणं थांबलं तर चोर फॉन्टमध्येच आहे असं समजा. एकाच नावाचा फॉन्ट विंडोजमध्ये एक आणि फाइलशेजारच्या ‘डॉक्युमेंट फॉन्ट्स’ फोल्डरात दुसरा, असंही असतं, तेही बघा.

फॉन्ट निर्दोष निघाला तर फाइल आयडीएमएलमध्ये (इनडिझाइनच्याच फाइलीचा दुसरा प्रकार) एक्स्पोर्ट करा, ती उघडा आणि नव्या नावानं सेव्ह करा. फाइल नव्यानं बांधली जाते, तेव्हा आतली बरीच घाण गळून पडते. तरीही प्रोग्रॅम बंद पडत असेल तर कॉपीतली निम्मी पानं उडवून बघा, मग ज्या निम्म्यात बंद पडतं त्यातली निम्मी. १४४ पानांत सात-आठ फेऱ्यांत नेमकं पान सापडतं. त्या पानावर बहुतेक वेळा वर्डमधून थेट चिकटवलेला मजकूर नाहीतर एखादं खराब चित्र निघतं. मजकूर नोटपॅडमधून फिरवून आणा, चित्र पुन्हा सेव्ह करून लावा.

आयडीएमएलवरून आलेली फाइल तशीच प्रेसला देऊ नका, प्रत्येक पान जुन्या प्रुफाशी ताडून बघा. मागे माझ्याकडे एका कवितेची शेवटची ओळ उडी मारून पुढच्या पानावरच्या पाककृतीच्या डोक्यावर जाऊन बसली होती.