समुद्र बंद कसा होतो? (मनूला पत्र)

मनू बाळा,

परवा आजी फोनवर म्हणाली "आता बंदर बंद, ताजी मासळी कुठली" आणि तू मला विचारलंस की समुद्राला काय दार असतं का, आणि मग नारळ टाकला की ते उघडतं का. तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, म्हणून आता नीट लिहितेय.

आपलं हर्णै दापोली तालुक्यातलं एवढंसं गाव, पण मासळीचा लिलाव बघायला लांबून लोक येतात. ओहोटीला मोठ्या बोटी किनाऱ्याला लागत नाहीत, लांब उभ्या राहतात, मग छोट्या होड्या आणि बैलगाड्या पाण्यात घालून माल आणायचा आणि तिथेच वाळूवर सुरमई, पापलेट, कोळंबीचे ढीग लावून बोली सुरू, नुसता आरडाओरडा! जूनमध्ये नैऋत्येचा वारा सुटला की हे सगळं थांबतं. होड्या वर ओढून झापांनी शाकारून ठेवतात. माशांचे अंडी घालायचे दिवसही तेच, म्हणून 1 जून ते 31 जुलै सरकारची पण बंदी असते. मग श्रावणात वारा पडायला लागतो आणि नारळी पौर्णिमेला कोळी लोक वाजतगाजत जाऊन दर्याला नारळ देतात, की बाबा आता शांत हो, आमची माणसं येतायत तुझ्यात. सरकारी बंदी त्याआधीच उठलेली असते, पण नारळ दिल्याशिवाय होडी न काढणारे अजून आहेत, आणि मला विचारशील तर त्यांचंच बरोबर आहे.

आणि हे नुसतं माशांपुरतं नाही हं. हर्णैसमोर पाण्यात सुवर्णदुर्ग आहे, दाराच्या पायरीवर कासव कोरलंय तो. शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला, पुढे आंग्र्यांच्या आरमाराचा मोठा अड्डा झाला. पण आरमार असलं तरी पावसाळ्यात गुराबा-गलबतं, म्हणजे त्यांची लढाऊ जहाजं, खाडीत नेऊन ठेवायचीच. 1755 मध्ये तुळाजी आंग्र्यांचं आणि नानासाहेब पेशव्यांचं फाटलं, पेशव्यांनी चक्क इंग्रजांना मदतीला घेतलं (हे मला अजून पटत नाही), आणि इंग्रजांच्या आरमाराचा अधिकारी कमोडोर जेम्स एप्रिलच्या सुरुवातीला तोफा घेऊन आला. किल्ल्यातला दारूसाठा पेटला आणि किल्ला पडला. मग लगेच पुढे विजयदुर्गावर, आंग्र्यांच्या दुसऱ्या मोठ्या किल्ल्यावर, का नाही गेले? पाऊस तोंडावर आला होता! तिकडचा हल्ला थेट 1756 च्या फेब्रुवारीत झाला. बंदर आंग्र्यांना बंद आणि इंग्रजांनाही बंद.

आता गंमत सांगते. आपल्या इथे लंडनमध्ये, शूटर्स हिलवर झाडीत तो तिकोनी मनोरा आहे ना, सेव्हर्नड्रूग कॅसल? तो ह्याच जेम्सच्या बायकोने तो गेल्यावर 1784 मध्ये त्याच्या आठवणीसाठी बांधला. सेव्हर्नड्रूग म्हणजे आपला सुवर्णदुर्गच, साहेबाच्या तोंडून. वर शिलालेखात किल्ला मलबार किनाऱ्यावर आहे असं लिहून ठेवलंय, त्या काळात ते सगळ्या पश्चिम किनाऱ्याला मलबारच म्हणायचे. पुढच्या रविवारी जाऊ, तिथे कोणी असेल तर कोकण कुठे येतं ते तू सांग, मी मध्ये बोलणार नाही.

आणि थेम्समध्ये नारळ टाकायचा हट्ट नको. नारळीभात करू, गूळ घालून.

तुझी आई