लाल घेऊ, तपकिरी घेऊ की निळा? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रोज रात्री दोन तास व्हॅलोरंट हा गोळीबाराचा गेम खेळतो. आजवर कॉम्प्युटरसोबत आलेल्या साध्या कीबोर्डवर भागवलं, आता मेकॅनिकल घ्यायचाय. बजेट चार हजार. मित्राकडे निळ्या स्विचचा आहे, त्याची टकटक मला फार आवडते. दुकानदार म्हणतो गेमिंगला लालच घे. यूट्यूबवर निम्मे लोक तपकिरी सांगतात. खोलीत मोठा भाऊ एमपीएससीचा अभ्यास करत असतो. काय घेऊ? (एक वाचक, कर्वेनगर)

उत्तर : लाल घे. आणि घेताना स्विच काढता-घालता येणारा, म्हणजे हॉट-स्वॅप कीबोर्डच घे. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली एक सुटा स्विच असतो, आणि लाल, तपकिरी, निळा हे त्या स्विचच्या दांड्याचे रंग. आता लालच का ते सांगते.

साताऱ्यात मी आणि माझा भाऊ दहा वर्षं गेमिंग कॅफे चालवत होतो. बारा मशीन, आणि सकाळी शटर उघडल्यापासून काउंटर-स्ट्राइक १.६. तेव्हा सगळे कीबोर्ड साधे, आत रबराच्या टोप्या असलेले. महिन्या-दोन महिन्यांत डब्ल्यू, ए, एस, डी ही खेळात चालायची चार अक्षरं पुसली जायची आणि त्याखालचं रबर मेलेलं असायचं. मुलं म्हणायची, ‘ताई, सहा नंबरचा डी अडकतोय.’ मी उघडून बघायचे, तर तो अडकलेला नसायचाच. दाबल्यावर खाली जायचा, पण वर यायला आळस करायचा. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की आहे : बटण खाली किती लवकर जातं याची चर्चा सगळे करतात, पण खेळणाऱ्याला नडतं ते बटणाचं सुटणं.

तुझं पत्र आल्यावर तिन्ही रंगांचा एकेक स्विच टेबलावर पुन्हा उघडून बघितला. झाकण चार खाचांत बसलेलं असतं, चिमट्याने उचकटलं की निघतं. आत रंगीत प्लास्टिकचा दांडा, त्याखाली स्प्रिंग आणि कडेला धातूच्या दोन पात्या. बास. दांडा वर असतो तेव्हा त्याचे पाय एका पातीला दूर रेटून धरतात. दांडा खाली गेला की पाय बाजूला होतात, पाती पुढे येऊन दुसरीला टेकते आणि कॉम्प्युटरला कळतं की बटण दाबलं. लाल दांड्याच्या पायाचा उतार सरळ आहे, बोट कुठेच अडत नाही. तपकिरीच्या उतारावर बारीकसा उंचवटा आहे. नखाने चाचपलास तर लागतो, बोटाला मात्र जेमतेम जाणवतो. निळ्याचा दांडा दोन तुकड्यांचा आहे. निळ्या भागावर एक पांढरं कडं सैल बसवलेलं असतं. उंचवटा ओलांडला की ते कडं झटक्याने खाली आपटतं. तुला आवडते ती टकटक ह्या कड्याची.

आता बोटाचं गणित. जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८० च्या दशकात एमएक्स स्विच आणला, आणि लाल-तपकिरी-निळ्याची भाषा तिथूनच रूढ झाली. चेरीच्या आकड्यांप्रमाणे लाल स्विच ४५ सेंटिन्यूटन जोराला, २ मिलिमीटर खाली गेल्यावर लागतो, म्हणजे बटण दाबल्याचं कॉम्प्युटरला कळतं. तपकिरीचा उंचवटा ओलांडायला ५५ लागतात, निळ्याचा ६०, आणि निळा २.२ मिलिमीटरवर लागतो. तिघंही तळापर्यंत ४ मिलिमीटर जातात. सेंटिन्यूटन म्हणजे साधारण एक ग्रॅमचा भार. मित्राच्या घरी जाशील तेव्हा खिशात दहा रुपयांची आठ नाणी ने. एक नाणं सुमारे ७.७ ग्रॅमचं असतं. आजूबाजूच्या बटणांच्या कॅप, म्हणजे वरची अक्षरांची झाकणं, काढून ठेव, म्हणजे नाणी कशाला टेकणार नाहीत, आणि एकाच बटणावर अलगद एकेक नाणं रच. माझ्या टेबलावर लाल सहाव्या नाण्याला लागला. निळा सातव्यालाही ढिम्म, आठव्याला टक झालं. स्प्रिंगमध्ये थोडा उन्नीस-बीस असतो, म्हणून तुझं एखादं नाणं इकडेतिकडे होईल. पण दोन नाण्यांचा हा फरक रोज दोन तास, विशेषतः शिफ्ट धरून दबक्या पावलांनी चालताना करंगळीवर पडतो.

जोर सवयीने अंगवळणी पडतो. निळ्याची खरी अडचण पुढे आहे. व्हॅलोरंटमध्ये पळत असताना गोळी सरळ जात नाही, हे तुला मी सांगायला नको. उजवीकडे नेणारा डी धरून कोपऱ्याबाहेर डोकवायचं, डी सोडायचं, जमलं तर डावीकडच्या ए चा एक टिचका मारायचा, पाय थांबले की गोळी. म्हणजे तुझी गोळी कुठे लागते हे डी कधी सुटतो यावर ठरतं. लाल स्विच जिथे लागतो, वर येताना जवळपास तिथेच सुटतो. निळ्यात ते पांढरं कडं वर ओढून परत जागेवर न्यावं लागतं, त्यामुळे बटण जिथे लागलं त्याच्या बरंच वर आल्याशिवाय ते सुटतच नाही. तुला वाटतं डी सोडला, गेमला वाटतं अजून धरलाय. मित्राच्या कीबोर्डवर डी हलक्या हाताने, कमीत कमी उचलून भराभर टिचकव. काही ठोके उमटणार नाहीत. तेवढं केलंस की माझ्यावर विश्वास ठेवायचीही गरज उरणार नाही.

तपकिरीला मी वाईट म्हणणार नाही. दिवसभर असाइनमेंट टाइप करणाऱ्याला तो बरा वाटतो. पण खेळाच्या भरात आपण बटण तळापर्यंत हाणतो, तेव्हा तो उंचवटा लक्षातही येत नाही. मग त्यासाठी निवड कशाला अडवायची?

भावाचं म्हणशील, तर निळा त्याच्या शेजारी वाजवू नकोस रे. लोक रबराच्या रिंगा लावायला सांगतात. त्याने बटण तळाला आपटण्याचा आवाज मऊ होतो, कड्याची टक तशीच राहते. लालमध्ये टक नाहीच, फक्त आपटण्याचा आवाज. कीबोर्डखाली जाड माउस मॅट किंवा घडी केलेला टॉवेल टाकलास तर टेबल घुमायचं थांबतं. पुढे पैसे साठले की सायलेंट लाल स्विच आण. त्याच्या दांड्यातच मऊ रबराचे ठिपके असतात, खाली जातानाही आणि वर येतानाही आवाज दबतो. स्पर्श किंचित गुळगुळीत, ओला लागतो. काहींना तो आवडत नाही. पण परीक्षेच्या वर्षात भावाला रात्री शांत झोप मिळते, आणि माझ्या लेखी ते मोठं आहे.

आता दुकानातली सावधगिरी. चेरीच्या पेटंटची मुदत संपल्यावर गॅटरॉन, कैल, आउटेमू अशा चिनी कंपन्या त्याच साच्याचे स्विच बनवायला लागल्या. काही तर चेरीपेक्षा गुळगुळीत आहेत, चार हजारांत तुला बहुधा त्यांचेच मिळतील आणि त्यात काही कमीपणा नाही. मात्र रंगावर भरवसा लाल, तपकिरी, निळ्यापुरताच ठेव. गॅटरॉनचा पांढरा म्हणजे अगदी हलका, सरळ जाणारा स्विच, तर कैलचा बॉक्स व्हाइट चक्क टकटक करणारा. गॅटरॉनचा पिवळा सरळ आणि लालपेक्षा जरासा जड आहे. तो मिळाला तर लालऐवजी डोळे मिटून घे. दुसरं, स्वस्तातल्या काही हॉट-स्वॅप कीबोर्डची भोकं इतकी बारीक असतात की त्यात आउटेमूचेच स्विच बसतात. ‘तीन पायांचे (थ्री-पिन) स्विच सगळ्या कंपन्यांचे बसतात का?’ हे दुकानदाराला विचार, आणि बसवून दाखवायला सांग.

हॉट-स्वॅपचा माझा सगळ्यात आवडता उपयोग असा : चालायच्या चार बटणांना आणि शिफ्टला लाल ठेव, आणि एक्सच्या जागी एक जड स्विच टाक, काळा किंवा तपकिरी. एक्सवर असलेलं अल्टिमेट, म्हणजे खेळातली राखून ठेवलेली मोठी ताकद, चुकून हातून सुटणं बंद होतं. माझ्या भाच्याचं झालं.

प्रश्न : ताई, माझा मुलगा दहावीत आहे. त्याला ‘मॅग्नेटिक’ कीबोर्ड हवा आहे, किंमत बारा हजार सांगतो. म्हणतो, सगळे मोठे खेळाडू हाच वापरतात आणि ह्याच्याशिवाय आपण मागे पडतो. मला ह्यातलं काही कळत नाही. तो खरं बोलतोय का? (एक आई, लातूर)

उत्तर : ताई, मुलगा खोटं बोलत नाहीये, आधी तेवढं मनातून काढा. ह्या कीबोर्डमध्ये एकमेकींना टेकणाऱ्या पात्या नसतात. दांड्यात छोटं चुंबक असतं आणि खाली ते किती जवळ आलं हे मोजणारा सेन्सर. ह्यामागचं तत्त्व एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलं, म्हणून ह्यांना हॉल इफेक्ट कीबोर्डही म्हणतात. बटण नेमकं कुठे आहे हे सतत कळत असल्यामुळे ‘रॅपिड ट्रिगर’ नावाची सोय देता येते : बोट जरासं, मिलिमीटरचा एखादा दशांश वर आलं की बटण सुटलं असं धरायचं. वर कर्वेनगरच्या वाचकाला मी सुटण्याचं जे महत्त्व सांगितलं, ती अडचण ह्या सोयीने जवळजवळ मिटते. नेदरलँड्सच्या वूटिंग कंपनीने ही गोष्ट खेळाडूंपर्यंत नेली आणि व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइकच्या खेळाडूंनी ती मनापासून उचलली.

पण त्याला जवळ बसवून दोन गोष्टी विचारा. पहिली, तू कोणता गेम खेळतोस? फुटबॉल, क्रिकेट, गाड्यांच्या शर्यती असतील तर साधा लाल स्विच पुरे. दुसरी, आपला मॉनिटर किती हर्ट्झचा आहे? साठ हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र दाखवतो. मॅग्नेटिकमुळे बटण साध्यापेक्षा ०.८ मिलिमीटर आधी लागलं, आणि बोट सेकंदाला वीस सेंटिमीटर वेगाने खाली जातंय असं धरलं, तर वाचतात ४ मिलिसेकंद. पडदा साठचा असेल तर आधी १४४ हर्ट्झचा मॉनिटर घ्या. त्याने खेळात पडणारा फरक तुम्हाला मागे उभं राहूनही दिसेल.

मॉनिटर आधीच चांगला असेल तर कीबोर्ड जरूर द्या, पण दहावीची परीक्षा झाल्यावर. चिनी कंपन्यांचे मॅग्नेटिक कीबोर्ड आता ह्याच्या निम्म्या किमतीतही मिळतात आणि रॅपिड ट्रिगर त्यातही असतं. आणखी एक गोष्ट त्याला सांगून ठेवा. अशा कीबोर्डमध्ये ए आणि डी एकत्र दाबले तर शेवटचं बटण आपोआप धरायचं, अशीही सोय असते. काउंटर-स्ट्राइक २ बनवणाऱ्या व्हॉल्वने ऑगस्ट २०२४ पासून आपल्या सर्व्हरवर तिला मनाई केली आहे आणि वापरणाऱ्याला सामन्यातून बाहेर काढलं जातं. रॅपिड ट्रिगरला ही मनाई नाही. हातांनी शिकायची गोष्ट हातांनीच शिकलेली बरी, असं मलाही वाटतं.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या माझ्या मेकॅनिकल कीबोर्डचा ई एकदा दाबला की दोनदा उमटतो. पावसाळ्यात जास्त. टाकून देऊ का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : अजिबात नको. दमट हवेने आणि धुळीने आतल्या पात्यांवर थर बसतो, त्या नीट टेकत नाहीत, थरथरतात, आणि एका दाबाचे दोन होतात. केबल काढा. कॅप उचका, ब्लोअरने धूळ उडवा. दांडा दाबून धरून आत शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब सोडा आणि पन्नासेक वेळा दाबा-सोडा. रात्रभर सुकू द्या, मगच केबल लावा. घरात आहे म्हणून खोबरेल तेल किंवा गंज काढायचा स्प्रे मारू नका. माझ्याकडे तसे कीबोर्ड येतात, आणि आतल्या चिकट्यात अडकलेली धूळ काढता काढता दिवस जातो.

तरी उमटत राहिलं, तर ई चा स्विच काढून स्क्रोल लॉकला लावा आणि तिथला ई ला. स्क्रोल लॉक तुम्ही शेवटचं कधी दाबलं होतं? हॉट-स्वॅप नसेल तर सोल्डरिंग येणाऱ्या कुणाकडून दहा मिनिटांत होतं. नवे स्विच घ्याल तेव्हा कोकणातल्या हवेला कैलचे बॉक्स स्विच घ्या. त्यात टेकणारा भाग वेगळ्या बंद डबीत असतो, ओल आणि धूळ सहजी शिरत नाही. आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत रात्री कीबोर्डवर सुती कापड टाकून ठेवत जा. प्लास्टिक नको, त्याखाली घाम धरतो.