‘ताई, जरा फोटो बघा ना’

प्रश्न : ताई, द्राक्ष बागायतदारांच्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी अधूनमधून उत्तरं देतो. गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) झाली की रोज १०-१२ जण मलाच पर्सनलवर पानांचे फोटो पाठवतात. निम्मे ओळखीचेही नसतात. नाही सांगितलं तर ‘भाव खातो’ म्हणतात, सांगत बसलो तर माझी फवारणी राहते. काय करू?
– एक बागायतदार, निफाड तालुका

उत्तर : भाऊ, पर्सनलवर औषध सांगणं आजच बंद करा. वेळेचं सोडा, आपण चुकलो तर तिथे अडवायला कोणी नसतं.

मी हे भोगलंय. दिंडोरीकडे माझी थॉमसन जातीच्या द्राक्षाची तीन एकर बाग आहे. एकदा रात्री ११ वाजता एका मुलाचा फोटो आला. मोबाइलच्या बॅटरीत काढलेलं एकच पान, त्यावर पांढुरकं काहीतरी. मी भुरी हा बुरशीरोग समजून गंधक सांगितलं आणि झोपले. ती डाऊनी होती, गंधकानं न हटणारा दुसराच रोग. पांढरं होतं ते पानाच्या खालच्या अंगाला, वरून तेलकट पिवळे डाग. पान उलटं की सुलटं, एवढंही मी विचारलं नव्हतं. बाग फुलोऱ्यात, वर ढगाळ हवा. चार-पाच दिवसांत घड तपकिरी पडून वाळायला लागले. तोच फोटो ग्रुपवर असता तर कुणीतरी लगेच म्हणालं असतं, ‘ताई, पान उलटं आहे.’ तो मुलगा मला एका शब्दानं बोलला नाही. ते अजून लागतं.

तेव्हापासून एक मजकूर तयार ठेवलाय : ‘दादा, ग्रुपवर टाका, तिथेच सांगते. फोटो दिवसा काढा, पानाच्या दोन्ही बाजूंचा. छाटणीला किती दिवस झाले, शेवटची फवारणी कधी, कशाची, तेही लिहा.’ मग तिथे जाऊन उत्तर द्यायचंच, नाहीतर माणसाला वाटतं आपल्याला कटवलं. फारच घाई असेल त्याला किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ द्या. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात.

एक मेसेज मात्र ग्रुपवर ढकलू नका. सुरुवात औषधानं होते आणि दुसऱ्याच ओळीत असतं, ‘दुकानाची उधारी थकलीय, रात्रभर झोप नाही.’ हे चारशे जणांसमोर लिहायला लावायचं नसतं. तिथे टाइप करत बसू नका, फोन लावा. जवळचा असेल तर त्याच्या बागेत जाऊन बसा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर रात्रंदिवस चालू असतो. त्याला एकट्यानं लावायला जड जातं, तुम्ही शेजारी बसून लावून द्या.