रूळ कुणाच्या हद्दीत गेले, ते आधी पाहा

ब्रिटनमधल्या बंद रेल्वेमार्गांविषयी तीच शंका पुन्हा पुन्हा येते. म्हणून निवडक पत्रांना एकत्र उत्तरं.

प्रश्न : सगळे मार्ग डॉ. बीचिंग यांनीच बंद केले ना?

नाही. रेल्वेचं राष्ट्रीयीकरण १९४८ चं. बीचिंग हे सरकारी रेल्वेचे प्रमुख, आणि मार्ग बंद करण्याची शिफारस करणारा त्यांचा अहवाल १९६३ चा. पूर्व इंग्लंडमधलं मिडलंड अँड ग्रेट नॉर्दर्न या जुन्या रेल्वेचं बहुतेक जाळं १९५९ मध्येच बंद झालं होतं. शिवाय शेवटची सही मंत्र्यांची.

प्रश्न : एकाच गावाला दोन-दोन मार्ग बांधलेच कशाला?

खासगी कंपन्या होत्या. प्रत्येकीला स्वतःचं स्टेशन हवं होतं.

प्रश्न : सरकारी मालकी आल्यावर स्पर्धा संपली. मग जास्तीचा मार्ग काढणं हा साधा हिशेब नव्हे का?

अर्धा हिशेब. दोन अर्धवट रिकाम्या मार्गांवर सिग्नल केबिन दुप्पट, गँगमन दुप्पट, आणि १९५० च्या दशकाच्या मध्यापासून रेल्वे तोट्यात. इथवर मान्य. पण कुठला मार्ग ठेवायचा, हे ठरवलं कुणी? मालक एक झाला, तरी जुन्या कंपन्यांची भांडणं विभागांच्या हद्दीत तशीच राहिली.

ग्रेट सेंट्रल कंपनीचा मार्ग घ्या : लंडनचं मेरिलबोन, लेस्टर, नॉटिंगहॅम, शेफील्ड. लंडनपर्यंत पोचला १८९९ मध्ये. १९५८ मध्ये तो लंडन मिडलंड विभागाकडे गेला, म्हणजे जुन्या प्रतिस्पर्धी मिडलंड रेल्वेच्या वारसाकडेच. १९६० च्या जानेवारीत लांब पल्ल्याच्या जलद गाड्या काढल्या, नॉटिंगहॅमपर्यंतच्या थोड्या निमजलद ठेवल्या. मग म्हणे प्रवासी नाहीत! शटर अर्धं खाली ओढून गिऱ्हाईक मोजण्यातला प्रकार. १९६६ च्या सप्टेंबरात बराचसा मार्ग बंद. बीचिंग यांची आकडेवारीही एप्रिल १९६१ मधल्या एका आठवड्याची. समुद्रकाठच्या गावांचा हंगाम तेव्हा कुठे सुरू झालेला असतो?

एक्सेटर ते प्लिमथ हे तर माझं जुनं दुखणं. एक मार्ग डॉलिशला समुद्राला चिकटून, दुसरा ओकहॅम्प्टनवरून डार्टमूरच्या कडेने. पूर्वी दोन्हीकडच्या ड्रायव्हरांना परक्या मार्गाची सवय राहावी म्हणून काही गाड्या मुद्दाम अदलाबदल करून सोडत. इतकी दूरदृष्टी! १९६३ मध्ये दुसरा मार्ग, डॉलिशचा मार्ग ज्याचा होता त्याच वेस्टर्न विभागाच्या हाती आला आणि १९६८ मध्ये ओकहॅम्प्टनच्या पुढे तुटला. फेब्रुवारी २०१४ मध्ये डॉलिशचा बांध फुटला. खालची माती वाहून गेली आणि रूळ स्लीपरांसकट झुलत्या पुलासारखे लोंबत राहिले. दोन महिने प्लिमथ आणि कॉर्नवॉलला रेल्वेच नाही. वहीत ‘दुबार’ म्हणून खोडलेला मार्ग तेव्हा सगळ्यांना आठवला.

तरी प्रत्येक बंदीत कट शोधू नका. काही मार्ग खरोखरच फालतू होते. आपल्या मार्गाबद्दल मत बनवण्याआधी लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातली कागदपत्रं आणि बंदीच्या आधीच्या चार-पाच वर्षांची वेळापत्रकं पाहा. तिथल्या अभिलेखपालांना विचारा.

प्रश्न : मँचेस्टर-शेफील्डच्या वुडहेड मार्गाची विजेची इंजिनं मुंबईला आली होती, असं ऐकलं.

ऐकीव गोष्ट. दोन्हीकडे १५०० व्होल्ट डीसी होतं, एवढंच साम्य, गेज वेगळं. सात इंजिनं नेदरलँड्सला गेली.

प्रश्न : लेस्टरजवळ जुन्या मार्गालगत घर बघतोय. एजंट म्हणतो, मार्ग लवकरच सुरू होणार, भाव वाढेल, आजच ठरवा.

आज काहीच ठरवू नका. ‘लवकरच’ हा एजंटांचा आवडता शब्द. ओकहॅम्प्टनला २०२१ मध्ये नियमित गाड्या सुरू झाल्या, कारण रूळ जागेवर होते. खाणीच्या मालगाड्यांनी ते टिकवले होते. एडिंबराच्या दक्षिणेला १९६९ मध्ये बंद झालेला मार्ग ट्वीडबँकपर्यंत परत यायला २०१५ उजाडलं. तुमच्याकडे पूल पाडलेत का, भरावावर घरं उठलीत का, हे स्वतः चालत जाऊन पाहा. मागचा भराव आणि त्याची संरक्षक भिंत कुणाच्या नावावर आहे, हे सॉलिसिटरकडून लेखी घ्या, आणि सर्व्हेअरला दाखवल्याशिवाय सही करू नका.