व्हिडिओ पाहिला, पण अडलं कुठे?

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. धडा घरी व्हिडिओवर पाहायचा आणि गणितं वर्गात सोडवायची, असं शाळेत सुरू झालंय. मग शिक्षक शिकवणार कधी? – एक आई, ऐरोली

उत्तर : ताई, ठाण्यातल्या माझ्या वर्गातही पहिल्या वर्षी हीच ओरड होती, आणि चूक माझीच होती. चाळीस मिनिटांचा व्हिडिओ टाकला. पोरांनी दुप्पट वेगाने पळवला. आता आठ मिनिटांच्या वर जात नाही. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी २००७ मध्ये धडे चित्रित करायला घेतले, ते गैरहजर मुलांसाठी. पुढे सगळीच मुलं धडा घरी पाहू लागली, आणि वर्गातला वेळ मोकळा झाला तो अडलेल्या मुलाशेजारी बसायला. शिकवणं तिथेच होतं.

मुलीला एवढंच सांगा : व्हिडिओ थांबव, उदाहरण वहीत स्वतः कर, अडेल तिथे पेन्सिलीने फुली मार. एकही फुली नसलेली वही मी सरळ परत देतो! बालभारतीच्या पुस्तकावरचा क्यूआर कोड दीक्षा ॲपवर उघडतो, तोही वापरा. घरात एकच फोन असेल आणि तो सकाळी बाबांबरोबर लोकलने जात असेल, तर वर्गशिक्षकांना तसं स्पष्ट सांगा. आणि शेजारी बसून उत्तरं मात्र पुरवू नका.